हेडचे काम करूनही टॅपेट वाजत असेल तर: कारण शोधण्याची पद्धत

गाडीचे हाफ इंजिनचे काम झाले, नवे पॅकिंग बसले, व्हॉल्व्ह लॅप करून (सीटवर घासून नीट बसवून) झाले, टॅपेटही (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचा, फट ठरवणारा स्क्रू) सेट केला, आणि तरीही इंजिन सुरू करताच वरच्या बाजूने तीच टिक-टिक ऐकू येते, हा अनुभव नव्याने काम शिकणाऱ्या प्रत्येकाला येतो. अशा वेळी सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वांत घातक ठरणारा उपाय म्हणजे पाना घेऊन टॅपेट आणखी घट्ट करणे. त्याने आवाज बहुधा थांबतोही. परंतु एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर, म्हणजे हेडमधल्या आपल्या बैठकीवर, टेकलेला असतानाच हेडमध्ये सोडत असतो. टॅपेटमध्ये फटच उरली नाही, तर तो सीटवर पूर्ण टेकत नाही, जळता वायू त्याच्या कडेवरून निसटत राहतो आणि काही दिवसांत ती कड जळते. म्हणून आवाज बंद करण्याची घाई न करता तो कशाचा आहे हे आधी ठरवावे, असे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो. पुढील पद्धत प्रामुख्याने १०० ते १२५ सीसीच्या एका सिलिंडरच्या, स्क्रू आणि लॉकनटवर टॅपेट सेट होणाऱ्या मोटरसायकलसाठी आहे. हायड्रॉलिक टॅपेटच्या आणि शिमच्या (मापाच्या चकतीने फट ठरणाऱ्या) इंजिनांचा विचार शेवटी केला आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

पाना हातात घेण्याआधी कागद घ्यावा. दुरुस्तीत नेमके काय काय उघडले, कोणता भाग नवा घातला, कोणता जुनाच परत बसवला आणि कोणते काम लेथवाल्याकडून करून आणले, हे सर्व त्यावर लिहावे. आवाज दुरुस्तीपूर्वी होता की दुरुस्तीनंतर सुरू झाला, हा त्यातील सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. आधीचाच आवाज तसाच राहिला असेल, तर खरे कारण दुरुस्तीत सुटले असा अर्थ होतो. आवाज नवा असेल, तर ज्याला हात लागला त्यातच त्याचे मूळ असण्याची शक्यता अधिक असते. गाडी दुसऱ्याने उघडलेली असल्यास त्याला हे प्रश्न आदराने आणि तपशिलात विचारावेत. लपवाछपवी झाली तर अर्धा दिवस वाया जातो.

त्यानंतर ऑइलची पातळी पाहावी. गाडी मेन स्टँडवर सपाट जागी उभी करून इंजिन तीन ते पाच मिनिटे चालवावे, बंद करावे आणि दोन-तीन मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी. बहुतेक छोट्या मोटरसायकलींत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहायची असते. ती आटे बसवून पाहिली, तर ऑइल कमी असूनही पुरेसे दिसते. ग्रेड कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच असावा, आणि क्लच ऑइलमध्ये बुडालेला असल्यामुळे डब्यावर जासो एमए हे मानक लिहिलेले असावे. आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल ओतण्याची सवय अनेकांना असते. ऑइल जाड केल्याने फट बदलत नाही, मात्र थंड इंजिनात ते रॉकरपर्यंत पोहोचायला अधिक वेळ लागतो.

आवाज टॅपेटचा आहे का?

ही पायरी बहुतेक जण वगळतात, म्हणून तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक होतो. इंजिन स्लोवर मिनिटाला १,४०० फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७०० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ वेळा उघडतो. पिस्टनचा किंवा क्रँकच्या बेअरिंगचा आवाज बहुधा क्रँकच्या गतीने, म्हणजे सेकंदाला सुमारे २३ वेळा येतो. कानाने एवढे मोजता येत नाही, परंतु मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ध्वनीची लहर दाखवणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये एका सेकंदातील उंच टोके सहज मोजता येतात. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही वाजत असतील, तर टोकांची संख्या दुप्पट दिसून फसगत होऊ शकते. मात्र अशा वेळी टोकांमधील अंतरे सहसा आळीपाळीने कमी-जास्त असतात, तर क्रँकच्या आवाजात ती जवळजवळ समान असतात.

सेकंदाला बारा ठोके म्हणजे टॅपेटच, असे मात्र समजू नये. याच गतीने वाजणाऱ्या आणखी दोन गोष्टी नेहमी चकवतात. पहिली म्हणजे सायलेन्सरच्या बेंडची हेडजवळची गळती. एक्झॉस्ट स्ट्रोकही क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच येतो, त्यामुळे सैल पॅकिंगमधून निसटणारा वायू हुबेहूब टॅपेटसारखा टिकटिकतो. माझ्याकडे एकदा अशी मोटरसायकल आली होती, जिचा टॅपेट एका गॅरेजमध्ये तीन वेळा सेट करून झाला होता आणि नवे रॉकरही घातले होते. हेड उतरवताना निघालेली बेंडची चपटी झालेली रिंग परत तशीच बसवली होती, एवढेच कारण निघाले. मालकाचे दोन महिन्यांचे पैसे त्यात गेले होते आणि ते पाहून मला फार वाईट वाटले. तेव्हापासून रॉकरचे झाकण उघडण्याआधी मी बेंडच्या सांध्याभोवती काजळीची काळी रेघ शोधतो आणि थंड इंजिनावर सांध्याला साबणाचे पाणी लावून, इंजिन सुरू होताच पहिल्या काही सेकंदांत बुडबुडे येतात का ते पाहतो. सैल बसलेल्या प्लगभोवतीही हीच तपासणी करावी.

दुसरी गोष्ट म्हणजे फ्युएल इंजेक्टर. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ मानक लागू झाल्यानंतर बहुतेक मोटरसायकलींत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर आला. तो प्रत्येक फवाऱ्याला बारीक, कोरडा आणि अगदी एकसारखा टक् असा आवाज करतो. तो दोष नाही. पूर्वी कार्बोरेटरची गाडी वापरलेल्या मालकाला तो टॅपेटचा वाटतो, इतकेच.

जागा निश्चित करण्यासाठी स्टेथोस्कोप वापरावा. तो नसेल, तर लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवावी. रॉकरची दोन्ही झाकणे, कॅमच्या चक्राचे झाकण, सिलिंडरची चेनची बाजू, क्रँककेस आणि इंजेक्टर अशा क्रमाने ऐकावे आणि जिथे आवाज सर्वांत स्पष्ट येतो ती जागा लिहून ठेवावी. धातूतून आवाज दूरवर जातो, म्हणून एकाच जागेवर ऐकून निष्कर्ष काढू नये, दोन जागांची तुलना करावी. चारचाकीवर हे करताना सैल बाह्या, ओढणी आणि हात पंख्यापासून व बेल्टपासून दूर ठेवावेत.

आवाजाचे वागणेही बरेच काही सांगते. पिस्टन बोअरमध्ये ढिला असेल, तर थंड इंजिनात येणारी थपथप इंजिन तापत जाते तशी कमी होते. टायमिंग चेनची खळखळ एक्सलरेटर सोडताना, म्हणजे वेग उतरत असताना, अधिक जाणवते. टॅपेटची टिक-टिक कोरडी आणि नियमित असते, रेस दिल्यावर तिची गती वाढते, पण भार वाढल्याने ती फारशी बदलत नाही. अनेक सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात एकेका सिलिंडरची ठिणगी क्षणभर बंद करून पाहता येते. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका त्या सिलिंडरवरचा भार जाताच मंदावतो, टॅपेटचा तसाच राहतो. ठिणगी बंद करताना प्लगची वायर मोकळी लोंबत ठेवू नये, ती इंजिनाच्या धातूला टेकलेली असावी, आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊ नये म्हणून ही तपासणी काही सेकंदांपुरतीच ठेवावी.

फट मोजणे

आता इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सर्वांत चांगली. प्लग काढल्यास क्रँक हाताने सहज फिरतो. मॅग्नेटच्या झाकणावरील दोन बूच काढून, एकातून क्रँक त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवावा आणि दुसऱ्यातून टी खुणेकडे (पिस्टन सर्वांत वर आल्याची खूण) लक्ष ठेवावे.

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक इथे होते. टी खूण कॅमच्या एका फेऱ्यात दोनदा येते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, जेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, जेव्हा दोन्ही किंचित उघडे असतात. दुसऱ्या स्थितीत टॅपेट सेट केला, तर व्हॉल्व्ह बंद झाल्यावर फट कितीतरी पटींनी मोठी होते आणि इंजिन शिवणयंत्रासारखे वाजू लागते. म्हणून टी खूण जुळली की दोन्ही रॉकर बोटाने हलवून पाहावेत. दोन्हींना किंचित हालचाल असेल तर ते कॉम्प्रेशन, आणि दोन्ही घट्ट असतील तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्यावा. अर्थात दोन्हींची फट आधीच संपलेली असेल, तर ही खूणही फसवते. त्यामुळे खात्रीसाठी इनलेट व्हॉल्व्ह उघडून मिटल्यानंतर येणारी टी खूण घ्यावी.

फट किती असावी याचा आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. छोट्या एअर-कूल्ड इंजिनांत तो बहुधा ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान असतो. एवढ्या लहान मापात फिलर गेजच्या (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पत्त्या) पत्तीवरील ऑइलचा थर किंवा मुडपलेली कडही फरक पाडते, त्यामुळे पत्ती पुसून, सरळ धरून सरकवावी. योग्य मापाची पत्ती हलक्या ओढीने सरकली पाहिजे आणि तिच्या पुढच्या मापाची आत जाता कामा नये. लॉकनट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर किंचित फिरतोच. म्हणून स्क्रू टॅपेटच्या चावीने धरून नट आवळावा आणि त्यानंतर फट पुन्हा मोजावी. ही दुसरी मोजणी केल्याशिवाय टॅपेट सेट झाला असे म्हणू नये.

माप बरोबर असूनही आवाज येत असल्यास

मापाप्रमाणे सेट केलेला टॅपेट वाजतोच आहे, ही स्थिती सर्वांत गोंधळात टाकणारी असते, आणि तिचे कारण पुष्कळदा मोजण्यातच दडलेले असते. स्क्रूचे टोक आणि व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक एकमेकांवर वर्षानुवर्षे आदळून तिथे लहानसा खड्डा पडतो. फिलर गेजची पत्ती रुंद आणि सपाट असल्यामुळे ती खड्ड्याच्या काठांवर पुलासारखी टेकते. पत्ती ०.०५ मिमी सांगते, पण प्रत्यक्ष फट असते ०.०५ अधिक खड्ड्याची खोली. स्क्रू बाहेर काढून त्याचे टोक उजेडात पाहावे आणि नखाने चाचपावे. तात्पुरती खातरजमा पत्तीशिवायही करता येते. स्क्रूच्या आट्यांचा पिच ०.५ मिमी असेल, तर एक पूर्ण फेरा म्हणजे ०.५ मिमी. तेव्हा स्क्रू बोटांनी हलकेच टेकेपर्यंत फिरवून तिथून एक दशांश फेरा, म्हणजे ३६ अंश, मागे घेतला की सुमारे ०.०५ मिमी फट मिळते. अशा प्रकारे सेट केल्यावर आवाज स्पष्ट कमी झाला, तर दोष खड्ड्याचा आहे आणि स्क्रू बदलणे हाच उपाय. टोक घासून सपाट करू नये, कारण त्याचा कठीण केलेला थर पातळ असतो.

त्यानंतर रॉकर तपासावा. रॉकर पिनवर आडवा किंवा वर-खाली डुलत असेल, तर पिन किंवा रॉकरचे भोक झिजलेले आहे. ही झीज फिलर गेजला दिसत नाही, पण प्रत्येक ठोक्याला वाजते. रॉकरचा कॅमवर घासणारा तळवा आरशासारखा गुळगुळीत असावा. त्यावर खवले उडालेले असतील, तर समोरचा कॅमही पाहावा लागतो, कारण झिजलेल्या कॅमवर नवा रॉकर घातला तर तो थोड्याच दिवसांत तसाच होतो. कॅमशाफ्टच्या टोकांची बेअरिंग हाताने वर-खाली हलवून पाहावीत.

हेड उतरवलेले होते, म्हणून ऑइलच्या वाटेचा विचार करणे अत्यावश्यक आहे. कित्येक इंजिनांत हेडपर्यंत ऑइल सिलिंडरच्या एखाद्या स्टडच्या भोवतालच्या पोकळीतून चढते. तिथली ओ-रिंग विसरली, पॅकिंग उलटे बसले किंवा पॅकिंगवर चोपडलेले सोल्यूशन आत पिळून भोकात गेले, की रॉकर कोरडे पडतात. हेडचे नट आणि वॉशरही वेगवेगळ्या प्रकारचे असतात आणि तांब्याचा वॉशर कोणत्या जागेचा हे पुस्तिकेत दाखवलेले असते. रॉकरचे झाकण उघडल्यावर आतले भाग कोरडे किंवा निळसर तापलेले दिसले, तर त्या इंजिनावर आणखी एकही किलोमीटर चालू नये.

टायमिंग चेनची तपासणीही याच टप्प्यावर करावी. जुन्या पद्धतीच्या आडव्या १०० सीसी इंजिनांत चेन रबरी रोलरवरून जाते आणि स्प्रिंगच्या जोरावर चालणारा दांडा तिला ताण देतो. रोलरचे रबर झिजले किंवा दांडा अडकला, की खळखळ सुरू होते. उभ्या इंजिनांतील दातेरी टेन्शनर बसवण्यापूर्वी पूर्ण मागे ढकलावा लागतो आणि बसवल्यानंतरच त्याची स्प्रिंग मोकळी करावी लागते. हा क्रम चुकला, तर चेन एक तर ढिली राहते किंवा इतकी ताणली जाते की तिचा आवाज गुणगुणण्यासारखा येतो. टी खूण जुळलेली असताना कॅमच्या चक्रावरील खूण हेडच्या खाचेसमोर येते का, हेही पाहून घ्यावे. त्या चक्राला २८ दात असतील, तर एका दाताची चूक म्हणजे क्रँकवर सुमारे २६ अंशांचा फरक. अशी गाडी सुरू होईल, पण ती ओढणार नाही, आणि त्यापुढची चूक व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्यापर्यंत जाऊ शकते.

इथपर्यंत सर्व ठीक निघाले, तर उरतो लेथचा भाग. नवी व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हचा दांडा जिच्यात सरकतो ती नळी) तिरपी बसली किंवा सीट गाइडच्या मध्याशी जुळवून कापली गेली नाही, तर व्हॉल्व्ह बंद होताना आधी एका बाजूने टेकतो आणि मग घसरत बसतो. हा आवाज फट कितीही बदलली तरी जात नाही, आणि त्याबरोबर कॉम्प्रेशनही कमी दाखवते. कॉम्प्रेशन गेज न लावता हेड पुन्हा उतरवू नये. माप चांगले असेल, तर हेडला हात लावण्याचे कारण नाही.

हायड्रॉलिक टॅपेटची आणि शिमची इंजिने

हायड्रॉलिक टॅपेटला फिलर गेज लागत नाही, कारण त्याच्या आत अडकून राहिलेले ऑइलच फट भरून काढते. रॉयल एनफिल्डच्या जुन्या, बिडाच्या (कास्ट आयर्न) इंजिनाच्या बुलेटमध्ये पुशरॉड बोटांनी मोकळा फिरेल पण वर-खाली हलणार नाही, एवढा टॅपेट ठेवण्याची पद्धत होती. नंतरच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट आले, आणि जुन्या सवयीने तिथे फट शोधणाऱ्याची फसगत होऊ लागली. मारुती स्विफ्टपासून अनेक गाड्यांत बसलेल्या आणि पुण्याजवळच्या रांजणगावातही तयार झालेल्या फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनातही रोलर रॉकरखाली हायड्रॉलिक आधारच आहेत.

दुरुस्तीत असे टॅपेट आडवे ठेवले गेले, तर त्यांतील ऑइल निथळून हवा शिरते आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटे इंजिन वाजते. ऑइल प्रेशरचा दिवा विझल्याची खात्री करून इंजिन काही वेळ साधारण २,००० ते २,५०० फेऱ्यांवर धरावे, मग स्लोवर आणावे आणि हे काही वेळा करावे. एखादाच टॅपेट वाजत राहिला, तर तो काढून अंगठ्याने दाबून पाहावा. ऑइलने भरलेला टॅपेट घट्ट लागतो, बिघडलेला स्पंजासारखा दबतो. सर्वच वाजत असतील, तर टॅपेटचा संच मागवण्याआधी प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून ऑइलचा दाब मोजावा. ऑइल पातळीच्या वर भरले असेल, तर क्रँकने घुसळून त्याला फेस येतो आणि तो फेस टॅपेटमध्ये जातो, हेही ध्यानात ठेवावे. ऑइलने पूर्ण भरलेले टॅपेट बसवून लगेच स्टार्टर मारणे मात्र धोक्याचे असते. ते व्हॉल्व्हला थोडे उघडे धरून ठेवू शकतात, म्हणून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे आणि आधी क्रँक हाताने सावकाश दोन फेरे फिरवावा.

शिमच्या इंजिनात हिशेब सरळ असतो. नव्या शिमची जाडी म्हणजे जुन्या शिमची जाडी अधिक मोजलेली फट, वजा हवी असलेली फट. जुनी शिम २.७० मिमी, मोजलेली फट ०.२८ आणि हवी ०.२० असेल, तर २.७८ मिमीची शिम लागेल आणि मिळणाऱ्या मापांतील सर्वांत जवळची निवडावी. प्रत्येक शिम मायक्रोमीटरने मोजावी, कारण तिच्यावर छापलेला आकडा झिजेनंतर खरा राहत नाही.

नव्याने कापलेल्या सीटवर व्हॉल्व्ह काही शे किलोमीटरपर्यंत आणखी आत बसतो आणि तसतशी फट कमी होत जाते. म्हणून हेडचे काम झालेल्या स्क्रूच्या इंजिनाची फट सुमारे ५०० किलोमीटरनंतर थंड स्थितीत पुन्हा मोजावी, आणि दोन्ही वेळची मापे इनलेट व एक्झॉस्ट अशी वेगळी लिहून ठेवावीत. मालक जेव्हा आनंदाने सांगतो की टॅपेटचा आवाज आपोआप गेला, तेव्हा एक्झॉस्टची फट त्याच दिवशी मोजावी.